पाद्रीबंगल्याला तीन दारं कशासाठी?

लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी वस्तीत, वाड्यात वाढलेला माणूस शेजारच्या मुरारला इंग्रजांच्या जुन्या छावणीकडे गेला की तिथल्या बंगल्यांची एक गोष्ट त्याला चमत्कारिक वाटते. या घरांना दारंच दारं. आमच्या वाड्याला रस्त्याच्या अंगाला एक दिंडीदरवाजा. रात्री अडसर घातला की घर मिटलं. बंगला मात्र चहूकडून उघडा. त्यातही पाद्रीबंगला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला राहायला दिलेलं घर, नीट पाहिलं तर तीन दारं वेगळी ओळखू येतात. एक समोरचं, बैठकीत उघडणारं. दुसरं बाजूचं, व्हरांड्यातून थेट कचेरीसारख्या एका खोलीत नेणारं. तिसरं मागचं, न्हाणीघराला लागून असलेलं, लहानसं. या तीन दारांतून कोण येत-जात असे हे समजलं, की घराचा अर्धा इतिहास उलगडतो. उरलेला अर्धा चुना, ऊन आणि वारा यांचा आहे.

आधी बाजूचं दार घेऊ, कारण या घराचं खरं कारण तेच आहे.

इंग्रजीत या घराला 'पार्सनेज' म्हणतात. 'पार्सन' हा शब्द लॅटिनमधल्या 'पर्सोना'वरून आला, आणि पर्सोना म्हणजे व्यक्ती. धर्मगुरूला नुसतं 'व्यक्ती' का म्हणावं? इथे कायद्याची एक मोठी गंमतीची युक्ती आहे. चर्चची जमीन, घर, उत्पन्न यांचा धनी कोण, हा प्रश्न प्रत्येक समाजाला पडतो. आपल्याकडे देवस्थानची जमीन देवाच्या नावावर असते. कोर्ट मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानतं आणि पुजारी किंवा पंच फक्त वहिवाट पाहतात. इंग्लंडने दुसरी वाट काढली. तिथे पदालाच व्यक्ती मानलं. पार्सन म्हणून बसलेला माणूस मरेल, जाईल. पार्सन हे पद मरत नाही, आणि घर त्या पदाचं. मठाची गादी आणि गादीची मालमत्ता ही कल्पना आपल्याला परकी नाही. तेच समजा. गादीवर आहे तोवर सारं त्याचं, उतरला की त्यातलं काही नाही.

या गादीचं उत्पन्न दोन वाटांनी येई. एक, चर्चला लावून दिलेली शेतजमीन, आपल्या इनामासारखी. दुसरी, गावाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा. मराठी माणसाला दहावा हिस्सा म्हटल्यावर सरदेशमुखी आठवेल, आणि हिशेब तोच आहे, फक्त इथे तो चर्चला जाई. त्यातही भेद होता. धान्य, गवत, लाकूड यांचा मोठा दशांश ज्याला मिळे तो रेक्टर. कोकरं, लोकर असला किरकोळ दशांश ज्याच्या वाट्याला येई तो व्हिकार. एकाच्या घराला रेक्टरी म्हणतात आणि दुसऱ्याच्या घराला व्हिकारेज, ते यामुळे. १८३६ च्या कायद्याने हा दशांश वस्तूऐवजी रोकडीत ठरवून दिला. तोवर अंगणात धान्याचं कोठार असणं हा पार्सनेजचा भागच होता.

आता गुरव, जोशी, कुलकर्णी यांच्या वतनांहून हे कुठे वेगळं पडतं ते पाहा. आपलं वतन बापाकडून मुलाकडे जाई, घरासकट. पार्सनेज मुलाकडे जात नाही. बापाचं प्रेत उचललं की काही दिवसांत बिऱ्हाड हलवायचं. एवढ्यावर भागत नसे. घराची जी पडझड झाली असेल तिचा खर्च जाणाऱ्याने, आणि तो मेला असेल तर त्याच्या वारसांनी, नव्या धर्मगुरूला भरून द्यायचा असा नियम होता. १८७१ मध्ये इंग्लंडने या पडझडीसाठी स्वतंत्र कायदाच केला, सर्वेक्षक नेमले. घरातला कर्ता गेलेला, घरही जाणार, आणि वर गळक्या छपराचं बिल. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावचं पार्सनेज याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण आहे. १७७८-७९ मध्ये बांधलेलं, दगडी, दुमजली, साधं घर. १८२० मध्ये पॅट्रिक ब्राँटे बायको आणि सहा मुलांना घेऊन तिथे राहायला आला. त्याच्या तीन मुली पुढे कादंबरीकार झाल्या, म्हणून आज ते घर संग्रहालय आहे. दाराच्या आत शिरलं की उजव्या हाताला बापाची अभ्यासिका, डावीकडे जेवणघर. गावातला कुणीही लग्नाची, बारशाची, मयताची नोंद करायला आला की उजवीकडे वळे. डावीकडे घरच्यांचं राज्य. पॅट्रिकने सहाही मुलं आपल्या डोळ्यांदेखत गमावली आणि ४१ वर्षांच्या चाकरीनंतर १८६१ च्या जूनमध्ये तो गेला. त्याचा जावई, आर्थर निकल्स, त्याच चर्चमध्ये सहायक होता आणि शेवटपर्यंत म्हाताऱ्याला सांभाळून होता. पण विश्वस्तांनी जागा दुसऱ्याला दिली. ऑक्टोबरात घरातल्या सामानाचा लिलाव झाला आणि निकल्स आयर्लंडला परतला. ज्या घराला जगभरचे लोक आज ब्राँट्यांचं घर म्हणतात ते कधीच ब्राँट्यांचं नव्हतं.

समोरचं दार कुटुंबाचं. आणि कुटुंब आहे म्हणूनच पार्सनेज हे असं घर झालं. रोमन कॅथलिक धर्मगुरू अविवाहित. त्याचं निवासस्थान बहुधा चर्चच्या भिंतीला चिकटून, दोन-चार खोल्यांचं. मार्टिन लूथरने १५२५ मध्ये लग्न केलं आणि विटेनबर्गच्या ज्या मठात तो संन्यासी म्हणून राहिला होता तिथेच संसार मांडला. इंग्लंडमध्ये १५४९ मध्ये धर्मगुरूंच्या लग्नाला कायद्याने मुभा मिळाली. मग मुलांची खोली आली, स्वयंपाकघर मोठं झालं, माजघर आलं. त्याआधीच्या घराचा नमुना पाहायचा तर ससेक्समध्ये आल्फ्रिस्टनला चौदाव्या शतकातलं एक धर्मगुरूचं घर उभं आहे: लाकडी सांगाडा, गवताचं छप्पर, मधे एकच उंच दालन. १८९६ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ते दहा पौंडांना घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ती पहिली इमारत.

संसार आणि कचेरी एकाच छपराखाली आणली की दोन वाटा लागतात. मरणाची खबर घेऊन आलेल्या शेतकऱ्याला पाहुण्यांच्या बैठकीतून नेता येत नाही, आणि चिखलाचे बूट गालिच्यावरून. एकोणिसाव्या शतकातल्या वास्तुकारांनी म्हणून अभ्यासिकेला बाहेरून वेगळं दार द्यायला सुरुवात केली. आपल्या सरदारांच्या वाड्यात सदर आणि माजघर यांच्यामध्ये चौक असतो तो याच कामासाठी. कामाचा माणूस सदरेवर येतो आणि तिथूनच परततो. माजघराला त्याची चाहूलही लागत नाही. पाद्रीबंगल्यात चौक नाही, म्हणून ते काम व्हरांडा करतो.

आता हे घर आपल्याकडे कसं आलं ते. 'पाद्री' हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ बाप. 'बंगला' म्हणजे बंगाली तऱ्हेचं घर. दोन्ही शब्द इंग्रजांचे नाहीत आणि घरही पूर्ण इंग्रजी नाही. १६९८ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीवर आपल्या ठाण्यांत धर्मगुरू ठेवण्याचं बंधन आलं. हा चॅप्लेन. त्याला इनाम नाही, दशांश नाही. पगार आणि बदली. मिशनरी हा निराळा. त्याला १८१३ च्या सनदेपर्यंत कंपनी आपल्या मुलखात सहसा फिरकू देत नसे, आणि त्याचा खर्च परदेशातली मंडळी चालवत. हा फरक लक्षात ठेवा, कारण घरंही वेगळी आहेत. चॅप्लेनचा बंगला छावणीत, अफसरांच्या रांगेत. मिशनरीचा बंगला मोठ्या आवारात, शाळा-दवाखान्याच्या सोबतीला. इंदूरला १८७७ पासून कॅनडाचे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे लोक आले ते या दुसऱ्या प्रकारचे. मुरारचं ठाणं पहिल्या प्रकारचं.

मुरार छावणी झाली ती ग्वाल्हेरच्या पराभवातून. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार इथे शिंद्यांच्या फौजेचा मोड झाला. १८४४ च्या जानेवारीत तह झाला, आणि संस्थानच्या पैशावर पण इंग्रज अफसरांच्या हाताखाली चालणारी कंटिंजंट फौज वाढवली गेली. अफसर आले म्हणजे त्यांची बायकामुलं आली, चर्च आलं, दफनभूमी आली, चॅप्लेन आला. लष्कर हेही मुळात छावणीच होतं, दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला टाकलेलं. पण त्या छावणीचं शहर झालं, कारण तिथे बाजार आणि वाडे उभे राहिले. मुरार मात्र ठरवून विरळ ठेवलेलं.

१८५७ च्या जानेवारीत जॉर्ज कूपलँड हा चॅप्लेन आपल्या तरुण बायकोला, रूथला घेऊन इथे आला. १४ जूनच्या रविवारी रात्री कंटिंजंट बंड करून उठली. जॉर्ज मारला गेला. गरोदर रूथ इतर बायकांबरोबर कशीबशी आग्र्याला पोहोचली, तिथल्या किल्ल्यात बाळंत झाली, आणि १८५९ मध्ये तिने आपल्या आठवणी छापल्या. पाद्रीबंगल्याच्या इतिहासात या सहा महिन्यांच्या बिऱ्हाडाला मी मोठी जागा देते. राजकारण बाजूला ठेवलं तरी ती रात्र वास्तुशास्त्राचा धडा होती: छावण्यांतले बंगले गवताने शाकारलेले होते आणि एका जळत्या बोळ्याने ओळच्या ओळ पेटे. पुढच्या काळात सरकारी बांधकाम खात्याने कौलं आणि सपाट धाबी यांकडे मोहरा वळवला. ग्वाल्हेरात तर दगडाला तोटा नाही. इथल्या वालुकाश्माच्या लांब पटिया निघतात. त्या तुळयांवर आडव्या मांडायच्या, वर चुन्याचा कोबा घालायचा, की झालं धाबं. लष्करातल्या कित्येक जुन्या घरांवर अजून तीच छतं आहेत.

आता उन्हाकडे वळू. ग्वाल्हेरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला पंचेचाळीस अंश म्हणजे काय ते सांगायला नको. इंग्लंडचं पार्सनेज ऊन आत घ्यायला बांधलेलं. इथे तेच घर ऊन बाहेर ठेवायला उलटं करावं लागलं. पहिलं, जोतं दोन-तीन हात उंच: पावसाचं पाणी, वाळवी आणि विंचू-साप यांच्यापासून अंतर. दुसरं, भिंती दीड-दोन फूट जाड. दुपारचं ऊन भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लागतं ते आत झिरपायला दहा-बारा तास घेतं, तोवर रात्र झालेली असते आणि दारं-खिडक्या उघडता येतात. तिसरं, व्हरांडा. तो नसता तर ती जाड भिंतही थेट उन्हात तापली असती. आमच्या वाड्यात ओसरी चौकाच्या आत असते, सावली मधे धरलेली. बंगल्यात तीच ओसरी बाहेर काढून घराभोवती गुंडाळली आहे, एवढाच फरक. चौथं, पंधरा-अठरा फुटांचं छत आणि छताखाली लहान झरोके. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि झरोक्यातून निघून जाते.

आणि वाळ्याच्या टट्ट्या. बंगल्याची पश्चिमेकडची दारं मोठी का, हे कोडं इथे सुटतं. लू, म्हणजे उत्तरेकडचा उन्हाळ्यातला तापलेला कोरडा वारा, पश्चिमेकडून वाहते. त्या दारांत वाळ्याच्या मुळांचे पडदे अडकवायचे आणि बाहेरून माणसाने त्यांवर सतत पाणी मारायचं. वारा ओल्या वाळ्यातून आत येताना पाणी वाफ होतं, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता ते हवेतूनच ओढून घेतं. ती किती? एक लिटर पाणी बर्फाइतक्या गारठ्यापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपट त्याची वाफ करायला लागते. म्हणून लू जितकी कडक आणि कोरडी, तितकी खोली गार. वरून वाळ्याचा वास. हीच युक्ती मुंबईत चालत नाही, कारण तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. आणि ग्वाल्हेरातही आषाढ लागला की टट्ट्या काढून ठेवायच्या आणि झुलत्या पंख्यावर भागवायचं. जुन्या बंगल्यात भिंतीत छताजवळ कपभर रुंदीचं भोक दिसलं तर ते उंदराचं समजू नका. पंख्याची दोरी त्यातून व्हरांड्यात जाई आणि तिथे बसलेला माणूस ती रात्रभर ओढत राही.

बंगला चर्चपासून लांब का, असंही लोक विचारतात. हॉवर्थला घराच्या दोन बाजूंना दफनभूमी होती. १८५० मध्ये तिथल्या आरोग्याची सरकारी पाहणी झाली तेव्हा गावातलं मरणाचं सरासरी वय २५.८ वर्षं निघालं. सांडपाणी आणि दूषित विहिरी हे त्यामागचं मोठं कारण. मुडद्यांच्या वाफाऱ्याने रोग होतात ही समजूत तर तेव्हा पक्कीच होती. १८६३ मध्ये हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्यावर रॉयल कमिशनचा अहवाल आला, त्यानंतर छावण्यांत मोकळी हवा आणि अंतर यांवर आणखी जोर दिला गेला. मोठं आवार हा थाट असेलही, पण त्यात भीतीही आहे.

कचेरीच्या खोलीत काय चाले? शिपायांची लग्नं, मुलांचे बाप्तिस्मे, मयत. प्रत्येकाची नोंद वहीत, आणि वहीची नक्कल दर वर्षी वरच्या कचेऱ्यांतून लंडनला. त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि आपला खापरपणजोबा कुठल्या छावणीत पुरला गेला हे शोधणारे लोक त्याच चाळतात. बाजूच्या दारातून आलेल्या माणसांची ती नावं.

राहिलं तिसरं दार. न्हाणीघराला बाहेरून वेगळं दार, घरात न शिरता उघडता येईल असं. घरात नळ नव्हते. शौचाची भांडी सफाई करणारा माणूस याच दाराने उचलून नेई. स्वयंपाकघरही मुख्य घरापासून सुटं, आवाराच्या मागे, कारण आग आणि धूर. त्याच्या पलीकडे नोकरांच्या खोल्यांची रांग. देवासमोर सगळे सारखे हे दर रविवारी सांगणाऱ्या माणसाच्या घराचा नकाशाही माणसांची जात पाहून दारं वाटत होता, हे मला या दारापाशी उभं राहिलं की टोचतं. आमच्या वाड्यांनाही मागचा बोळ होता, त्याच कामासाठी, त्याच माणसांसाठी. म्हणून बोट एकाच घराकडे दाखवता येत नाही.

१८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार जयाजीराव शिंद्यांकडे परत आले. बदल्यात झाशी इंग्रजांना गेली. गोरी पलटण उठली म्हणजे चॅप्लेनचा कळपच गेला. चर्चं टिकली ती इथल्या ख्रिस्ती माणसांमुळे. १९३० मध्ये हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. छावण्यांतल्या घरांखालची जमीन हा आणखी एक गुंता. बंगाल इलाख्यात १८३६ च्या हुकुमाप्रमाणे जमीन सरकारची, वरचं बांधकाम बांधणाऱ्याचं, आणि महिन्याच्या नोटिशीने इमारतीची भरपाई देऊन जमीन परत घेता येई. जमीन एकाची, भिंती दुसऱ्याच्या, राहणारा तिसराच आणि तोही बदलून जाणारा. छप्पर गळायला लागलं की कोणी हात घालायचा? इंग्लंडमधला पडझडीचा कायदा क्रूर होता, पण त्याने एक काम केलं: दर पिढीला कुणीतरी छपरावर चढून पाहिलं.

आणि हात घातला जातो तेव्हा सिमेंट येतं. या घरांच्या भिंती चुना आणि सुरखीच्या आहेत. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. ती चुन्याशी मिळून ओलीतही घट्ट होते, तरी भिंत श्वास घेत राहते. जमिनीतून चढलेली ओल गिलाव्यातून वाळून जाते. त्यावर सिमेंटचा थर दिला की ओल आत कोंडते, क्षार वर चढतात, लोणा लागतो आणि दोन पावसाळ्यांत सिमेंटचं पापुद्र्यासारखं ढलप वीट घेऊनच गळून पडतं. तेव्हा जुना गिलावा दुरुस्त करायचा तो चुन्यानेच. ग्वाल्हेरात त्याचा हंगाम पावसाळा सरल्यावरचा, आश्विन-कार्तिकाचा. मे महिन्यात चुना पकडण्याआधीच वाळतो आणि भुगा होतो. थंडीच्या ऐन कडाक्यात तो धरायला फार वेळ लावतो. थर पातळ द्यावेत, एक वाळू लागला की दुसरा. वर ओली गोणपाटं बांधावीत आणि निदान दहा-पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत राहावं.